अपस्मार, मनाचा ताण आणि उजेडाची परीक्षा

फिट येते आणि बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत ओसरते. पुढची फिट केव्हा येईल या धास्तीत मात्र माणसाची वर्षेच्या वर्षे जातात. अपस्माराच्या रुग्णाला तपासणीच्या खोलीत पहिला प्रश्न असतो तो मागच्या वेळेनंतर किती फिट आल्या, हा. ‘एकही नाही’ असे उत्तर आले की सगळ्यांना हायसे वाटते, कागदावर तीच गोळी पुन्हा लिहिली जाते आणि पुढचा रुग्ण आत येतो. झोप लागते का, एकट्याने बाहेर पडायची भीती वाटते का, कशातच जीव रमत नाही असे होते का, हे विचारायला ओपीडीच्या गर्दीत सवड नसते आणि रुग्णही आपणहून बोलत नाही. या पुस्तिकेचा विषय हा न विचारलेला भाग आहे. ठरावीक वेळी डोळ्यांना मिळणाऱ्या भरपूर आणि स्थिर उजेडाने हा ताण हलका होतो का, आणि होतो की नाही हे प्रामाणिकपणे कसे तपासायचे, याची चर्चा पुढच्या पानांत आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरात राहणाऱ्याला दवाखाने लांब नाहीत. डॉ. हेडगेवार रुग्णालय १९८९ पासून याच भागात आहे. पाणचक्कीकडे गेले की घाटी रुग्णालय आहे, जिथे जालना, बीड, परभणीकडून रोज माणसे येतात. ईईजी, एमआरआय शहरातच होतात. फिट आली की नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणारे अजून भेटतात, पण गोळ्यांनी फिट थांबतात हे आता बहुतेक घरांना माहीत झाले आहे. घराघरांत तसाच राहिलेला आहे तो धाक. गॅसपाशी उभी राहू नकोस, गच्चीवर जाऊ नकोस, गाडी चालवू नकोस, विहिरीकडे फिरकू नकोस. यातली प्रत्येक सूचना आपल्या जागी योग्य आहे. आग, उंची, पाणी आणि वाहन हे अपस्मारात खरे धोके आहेत. मात्र ही यादी वर्षागणिक वाढत जाते. मग बाजार नको, लग्नकार्य नको, कॉलेज नको. पहाटे विभागीय क्रीडा संकुलाच्या बाजूला फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. फिट येणारी आमच्या गल्लीतली तरुण मुलगी त्या गर्दीत कधी दिसत नाही. तिचा दिवस आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली जातो, आणि तिथे तिला सुरक्षित ठेवले याचे घरच्यांना समाधान असते.

त्या खोलीतला उजेड मोजला तर शंभर-दोनशे लक्स भरतो, फार तर तीनशे. लक्स हे एखाद्या पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप आहे. ढगाळ दिवशी दारात उभे राहिले तरी हाच आकडा दहा हजारांच्या आसपास जातो आणि लख्ख उन्हात लाखाला टेकतो. आपल्या डोळ्यांना हा फरक एवढा मोठा वाटत नाही, कारण बाहुली लहान-मोठी होते आणि नजर जुळवून घेते. मेंदूतले घड्याळ मात्र इतक्या सहज जुळवून घेत नाही.

या घड्याळाची गोष्ट वैद्यकाला फार उशिरा कळली. डोळ्याच्या पडद्यात पाहण्यासाठीच्या पेशी असतात हे शाळेत शिकवतात. चित्र पाहण्यापेक्षा उजेड किती आहे याची वर्दी मेंदूला देणे हे जिचे मुख्य काम, अशी आणखी एक जात तिथे आहे. मेलानोप्सिन नावाच्या रंगद्रव्याच्या जोरावर या पेशी थेट उजेडाला प्रतिसाद देतात, हे अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या डेव्हिड बर्सन यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवून दिले. ही वर्दी हायपोथॅलॅमसमधल्या एका इवल्या केंद्राला पोचते, आणि झोप, जाग, शरीराचे तापमान, मेलाटोनिन आणि कॉर्टिसॉल यांची दिवसभराची चढउतार ते केंद्र लावून देते. त्याच्या बरीच वर्षे आधी, १९८४ मध्ये, नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळा आला की दरवर्षी खचणाऱ्या माणसांचे वर्णन केले होते आणि तेजस्वी दिव्यापुढे बसवून त्यांच्यावर उपचार करून पाहिले होते. सकाळी दहा हजार लक्सच्या दिव्यापुढे सुमारे अर्धा तास बसणे, ही प्रकाशोपचाराची पद्धत पुढे रूढ झाली. ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्यातही ती वापरून पाहिली गेली आहे.

आता अपस्माराकडे. फिट कशाने येते असे रुग्णांना विचारले, तर जगभर जी उत्तरे वारंवार मिळतात त्यांत मनाचा ताण अगदी वर असतो. त्याच्या जोडीला अपुरी झोप आणि चुकलेली गोळी. हे तिन्ही एकमेकांना धरून असतात. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या माणसाची झोप मोडते, झोप मोडली की चिडचिड वाढते, चिडचिडीत सकाळची गोळी राहून जाते, आणि मग फिट नेमकी कशामुळे आली ते कुणालाच सांगता येत नाही. उलट दिशेनेही हे खरे आहे. अपस्मार असलेल्यांमध्ये चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळते. लोकांच्या वागण्याने ते वाढते यात शंका नाही, पण सगळा दोष समाजाला देऊन भागत नाही. मेंदूच्या ज्या भागांतून काही फिट सुरू होतात, त्याच भागांशी भावना आणि स्मरण जोडलेले आहेत. त्यामुळे ‘आजारी माणूस उदास असायचाच’ असे म्हणून सोडून देणे मला क्रूर वाटते. त्या उदासीला स्वतंत्र उपचार हवा.

इथे एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. कधी कधी ताणाचे मूळ गोळीतच असते. लेव्हेटिरासिटॅम हे आज सर्रास दिले जाणारे आणि चांगले औषध आहे, पण काही जणांना त्याने चिडचिड, राग, उदासी येते. फिनोबार्बिटोननेही मन मंदावते. घरचे म्हणतात, ‘हल्ली हा फार अंगावर येतो,’ आणि त्याचा संबंध औषधाशी कुणी जोडत नाही. अशा वेळी दिव्यापुढे बसवण्याआधी डॉक्टरांशी बोलून औषध किंवा त्याची मात्रा बदलता येते का, हे पाहायला हवे. उजेडाचा विचार त्यानंतर.

अपस्मार आणि प्रखर उजेड हे शब्द एकत्र ऐकले की बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो, आणि त्याला कारण आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टूनच्या एका भागात लाल आणि निळा रंग झपाट्याने आलटून पालटून चमकला आणि त्या संध्याकाळी सहाशेहून अधिक जणांना, बहुतेक लहान मुलांना, दवाखान्यात न्यावे लागले. ईईजी काढताना डोळ्यांसमोर दिवा मुद्दाम लुकलुकवतात तोही उजेडाने फिट येते का हे तपासण्यासाठीच. पण यात घात करते ती लुकलुक. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा, त्यातही पंधरा-वीसच्या आसपास होणारी उघडझाप धोकादायक ठरते, आणि तीही अपस्मार असलेल्या दर शंभरातल्या सुमारे तीन जणांना. लग्नातले डीजेचे दिवे, बिघडलेली फडफडणारी ट्यूब, झाडांच्या रांगेतून धावत्या गाडीच्या खिडकीवर पडणारी ऊनसावली हे त्यांचे वैरी आहेत. असा उजेड अचानक समोर आला तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा. दोन्ही मिटण्यापेक्षा त्याने जास्त मदत होते. प्रकाशोपचाराचा दिवा स्थिर असतो आणि त्यातली अतिनील किरणे गाळलेली असतात. तरीही प्रकाशाने फिट येणाऱ्यांना या उपचारात घ्यायचे नाही, आणि बाजारातला कुठलाही स्वस्त एलईडी आणून घरीच प्रयोग करायचा नाही. तो दिवा स्थिर आहे की डोळ्याला न कळेल असा थरथरतो, हे घरी तपासता येत नाही.

मग अपस्मार असलेल्यांवर हा उपचार कुणी नीट तपासला आहे का? लंडनमधल्या न्यूरोसायकॉलॉजिस्ट सॅली बॅक्सेनडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला आहे. ढगाळ, अंधाऱ्या दिवसांशी काही रुग्णांच्या फिट जोडलेल्या दिसतात, या निरीक्षणातून त्यांना ही कल्पना सुचली. औषधांना न जुमानणारा, मेंदूच्या एका भागातून सुरू होणारा अपस्मार असलेल्या प्रौढ रुग्णांना त्यांनी घरी वापरायला दिवे दिले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने रुग्णांची वाटणी केली. काहींना दहा हजार लक्सचा दिवा मिळाला, काहींना मंद. कुणाचा दिवा खरा आणि कुणाचा तुलनेसाठी, हे रुग्णांना सांगितलेले नव्हते. १०१ जणांनी १२ आठवड्यांचा प्रयोग पूर्ण केला. त्याआधीचे १२ आठवडे आणि प्रयोगाचे १२ आठवडे त्यांनी रोजची फिटची नोंद ठेवली, आणि चिंता व नैराश्य मोजणारी १४ प्रश्नांची प्रश्नावली सुरुवातीला आणि शेवटी भरली. मनःस्थितीवरचा निष्कर्ष २०१३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकायट्री’त छापून आला.

सुरुवातीला निम्म्याहून अधिक जणांत चिंतेची किंवा नैराश्याची लक्षणे होती. शेवटी ती कमी झाली, आणि ती दोन्ही गटांत कमी झाली. मंद दिव्यापुढे बसलेलेही तेवढेच सुधारले. फिटच्या बाबतीत, मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात व्रण असलेल्या काही रुग्णांना फायदा झाल्याची खूण दिसली. सगळ्यांना सांगावे असे काही हाती लागले नाही.

या निकालापाशी घाई न करता थांबायला हवे, कारण या पुस्तिकेचा सारा भर इथे आहे. संशोधकांनी सुचवलेला अर्थ असा, की अपस्मारातल्या उदासीला कदाचित कमी तीव्रतेचा उजेडही पुरत असावा. तसे असेल तर फार चांगले. पण हाच निकाल आणखी तीन तऱ्हांनी वाचता येतो. रोज ठरलेल्या वेळी उठून काही वेळ शांत बसण्यानेच झोपेची घडी बसली असेल. आपल्या फिटखेरीज आपल्या मनाचीही कुणीतरी चौकशी करते आहे, या जाणिवेने बरे वाटले असेल. किंवा माणसे अगदी खचलेली असताना प्रयोगात आली आणि काळाच्या ओघात आपोआप थोडी सावरली असतील. यांतले खरे कोणते हे ठरवण्यासाठी तिसरा गट लागतो: तीच वेळ, तीच खुर्ची, तीच वही, फक्त दिवा नाही. तो गट या प्रयोगात नव्हता. म्हणून ‘प्रकाशोपचाराने अपस्मारातला ताण जातो’ असे कुणी छातीठोक सांगितले तर ते खोटे, आणि ‘दिव्याचा काही उपयोग नाही, ते सिद्ध झाले’ असे कुणी म्हणाले तर तेही खोटे. प्रश्न उघडा आहे.

असा तिसरा गट ठेवण्याचे भान आपल्या देशात फार आधी दिसले आहे, हे मला इथे अभिमानाने सांगायचे आहे. दिल्लीत उषा पंजवानी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात सहजयोगाचा अपस्मारावर काय परिणाम होतो ते तपासले. रुग्ण अवघे ३२ होते, पण गट तीन केले. एक सहा महिने सहजयोग करणारा. दुसरा सहजयोगासारखीच दिसणारी पण नुसती बैठकीची कृती करणारा. तिसरा यांतले काहीच न करणारा. फिट मोजल्याच, शिवाय ताणाचा माग घेण्यासाठी त्वचेचा विद्युतरोध, रक्तातले लॅक्टेट आणि लघवीतले एक रसायनही मोजले. सहजयोगाच्या गटात फरक दिसला, नकली कृतीच्या गटात दिसला नाही. इतक्या कमी रुग्णांवरून कायमचा निकाल देता येत नाही, तरी प्रश्न विचारण्याची रीत किती नेमकी होती! ध्यानाने गुण येतो की नुसते शांत बसण्याने, हे वेगळे करायची त्यांनी तजवीज केली होती. उजेडाबाबत आपल्याला तेच करायचे आहे.

आणि ते इथेच करण्याला अर्थ आहे, कारण लंडनचा निकाल उचलून मराठवाड्यात ठेवता येत नाही. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांचाही नसतो. आपला सर्वांत लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास भरतो. शेतात राबणारी बाई, शहागंजात हातगाडी लावणारा माणूस यांच्या डोळ्यांना रोज हजारो लक्स मिळतातच. त्यांच्यापुढे आणखी एक दिवा ठेवून काय साधणार? प्रयोगात घ्यायची ती दिवस घरात काढणारी माणसे: आजाराच्या धाकाने आत ठेवलेल्या मुली, नोकरी सुटलेले तरुण, गच्चीची बंदी असलेल्या गृहिणी. त्यांना आधी आठवडाभर किती उजेड मिळतो हे मापकाने मोजावे आणि मगच गट पाडावेत. चौथा एक गट मला फार मोलाचा वाटतो. सोबतीला घरातले कुणी घेऊन, सकाळी अंगणात किंवा इमारतीच्या आवारात सावलीत बसणाऱ्यांचा. सावलीतही दिव्याइतका उजेड मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. हा गट दिव्याच्या बरोबरीने सुधारला, तर उपचार प्रत्येक घराच्या दाराशी आहे असे पुराव्यानिशी सांगता येईल.

यात ऊन जपून वापरावे लागेल. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. उन्हाचा तडाखा, शरीरातले पाणी कमी होणे आणि उकाड्याने मोडलेली झोप यांनी फिट वाढू शकतात. म्हणून सकाळ, आणि सावली. सूर्याकडे टक लावून पाहण्याची साधना कुणी सुचवली तर ती साफ नाकारावी. त्याने डोळ्याचा पडदा कायमचा जळतो. कोवळ्या उन्हाचे नाव काढले की आपल्याकडे लगेच ड जीवनसत्त्वाची गोष्ट निघते, तीही जरा वेगळी ठेवायला हवी. फिनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन या औषधांनी शरीरातले ड जीवनसत्त्व कमी होऊ शकते, त्यामुळे हाडांची काळजी घ्यावीच लागते. पण ते तयार होते त्वचेत, अतिनील किरणांनी, आणि अगदी सकाळच्या उन्हात ती किरणे थोडीच असतात. प्रकाशोपचाराची वाट डोळ्यातून जाते. दोन्हींची सरमिसळ केली तर प्रयोगात नेमके काय तपासले तेच कळणार नाही. द्विध्रुवीय विकार असलेल्यांना प्रखर उजेडाने उन्मादाचा झटका येऊ शकतो, डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेल्यांनाही धोका असतो. अशांना आधीच वगळले पाहिजे.

ताण मोजायचा कसा, हा सगळ्यांत नाजूक भाग. गोळ्यांमुळे येणारी सुस्ती, भूक मंदावणे, विसरभोळेपणा हे नैराश्यासारखेच दिसतात. म्हणून अपस्माराच्या रुग्णांसाठी खास बेतलेली सहा प्रश्नांची प्रश्नावली २००६ पासून उपलब्ध आहे. प्रश्नावली कुठलीही वापरली तरी ती इथल्या बोलण्यात असावी आणि शक्यतो सासू किंवा नवरा शेजारी बसलेला नसताना भरून घ्यावी. सुनेला सासूसमोर ‘तुम्हाला जगणे नकोसे वाटते का’ असे विचारून खरे उत्तर मिळणार नाही. बाकी नियम स्पष्ट आहेत. नीती समितीची मंजुरी, रुग्णाला समजेल अशा मराठीत संमतीपत्र, आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडियामध्ये आधी नोंदणी, जी २००९ पासून बंधनकारक आहे. आधी नोंदवलेला प्रयोग फसला तरी त्याची खूण राहते, आणि उपचाराचा उपयोग झाला नाही हेही रुग्णांना कळायलाच हवे.

या सगळ्याला महाराष्ट्रात जमीन तयार आहे. मुंबईत डॉ. एडी भरुचा यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये इंडियन एपिलेप्सी असोसिएशन उभी राहिली. विवाह कायद्यांत अपस्माराचा उल्लेख लग्नाला अडसर म्हणून होता; तो १९९९ च्या दुरुस्तीने गेला. डॉ. निर्मल सूर्या यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने राज्यभर जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे घेतली. पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या संवेदना फाउंडेशनने रुग्णांना एकत्र बसून बोलण्याची जागा दिली, आणि मला वाटते ताणावरचा आजवरचा सर्वांत खरा उपचार तोच आहे: आपल्यासारखे आणखी आहेत हे कळणे. उजेडाचा प्रयोग झाला तर तो अशा गटांच्या सोबतीने व्हावा. रुग्ण हे त्या प्रयोगाचे भागीदार असावेत, नोंदवहीतले क्रमांक नसावेत.

आपल्या शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या मेंदूविकार आणि मानसोपचार विभागांना माझी कळकळीची विनंती आहे, की हा प्रश्न हाती घ्या. खर्च मोठा नाही, रुग्ण रोज दारात येतात, आणि निकाल कोणताही लागला तरी तो इथल्या माणसांच्या उपयोगी पडेल. वाचकांपैकी ज्यांना किंवा ज्यांच्या घरात कुणाला फिट येतात त्यांनी आजपासून एक वही करावी. फिट आली तो दिवस, आदल्या रात्रीची झोप, गोळी घेतली की राहिली, दिवसातला किती वेळ बाहेर गेला आणि मन कसे होते, एवढेच लिहावे आणि पुढच्या भेटीला ती वही डॉक्टरांपुढे ठेवून मनाबद्दल स्वतःहून बोलावे. मन फारच खचले, जीव द्यावासा वाटला, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन करता येतो. आणि पुढची पाने वाचून उजेडाबद्दल कितीही आशा वाटली, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीचा एकही डोस कमी करू नका.